दुसऱ्या टोकाचा हात

लिफ्टचं दार त्याच्या बोटांवर मिटलं आणि ते त्याला कळलं नाही. मागून दोन पिशव्या घेऊन येणाऱ्या एका बाईंसाठी त्याने दार धरून ठेवलं होतं. त्या आत आल्या, वळल्या आणि एकदम ओरडल्या, "अहो, हात! तुमचा हात!" त्याने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्यांच्या नजरेच्या रोखाने खाली. उजव्या हाताची पहिली दोन बोटं दाराच्या काळ्या रबरी काठांमध्ये अडकली होती. दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी ती तिथे होती. दार कुरकुरत पुन्हा उघडलं आणि त्याने हात छातीशी ओढून घेतला. "लागलं का हो?" बाईंनी विचारलं. "नाही, नाही. लक्ष नव्हतं," तो हसून म्हणाला. "लक्ष नसलं तरी दुखतं की," बाई म्हणाल्या. मग खाली पोचेपर्यंत दोघंही दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिली.

रस्त्यावर आल्यावर त्याने ती बोटं ओठांना लावून पाहिली. ओठांना बोटं कळली. बोटांना ओठ कळले की नाही ते सांगता येईना. हे काही बरोबर नव्हतं. कारण आत्ताच, वरच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपीच्या त्या लांबट हॉलमध्ये, तिथल्या मॅडमनी त्याच्या हाताची परीक्षा घेतली होती आणि तो पैकीच्या पैकी गुण घेऊन खाली उतरला होता. परीक्षा दिसायला सोपी असते. टेबलावर हात उताणा ठेवायचा आणि डोळे मिटायचे. मॅडमकडे प्लॅस्टिकच्या दांडीला बसवलेला नायलॉनचा बारीक धागा असतो, मांजराच्या मिशीसारखा. त्या तो धागा बोटाच्या टोकावर टेकवतात आणि वाकेपर्यंत दाबतात. टेकला असं वाटलं की "आता" म्हणायचं आणि कुठल्या बोटाला ते सांगायचं. पहिले कित्येक आठवडे तो डोळे मिटून नुसता बसून राहायचा, वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासारखा. मग हळूहळू काहीतरी यायला लागलं. आधी तळव्यात, मग अंगठ्याखाली, मग बोटांतसुद्धा. काय यायचं ते शब्दांत सांगणं अवघड होतं. टोचल्यासारखं नाही, गुदगुल्यांसारखं नाही. नुसतं एक कळणं. "आता," तो म्हणायचा. "मधलं बोट." आणि मॅडम खूश व्हायच्या. आज तर त्या टाळी वाजवायच्याच बाकी होत्या. "वा काका! एकही चुकलं नाही. पुढच्या शुक्रवारी शेवटची चाचणी घेऊ. त्यात असंच आलं की मी लिहून देते, सोमवारपासून तुम्ही कामावर." सोमवार हा शब्द त्याने लिफ्टपर्यंत जपून आणला होता. इतका जपून, की हाताकडे लक्ष राहिलं नसेल. असंच असेल, असं म्हणत तो चालू लागला.

त्या हॉलमध्ये माणसांना नावं नव्हती. कामावर ज्याचं जे मोडलं तेच त्याचं नाव. मालवाहू गाडीचा एक ड्रायव्हर होता, तो खांदा. कपड्यांच्या दुकानात शिडीवरून पडलेल्या एक बाई होत्या, त्या गुडघा. "खांदा आला का? गुडघा, तुम्ही सायकलवर बसा," अशी तिथली भाषा. तो मनगट होता. ड्रायव्हर भिंतीवरच्या चाकाचा दोर ओढता ओढता त्याला हाक मारायचा, "काय मनगट, कसं काय?" "ठीक. तुम्ही?" "आम्ही काय, आज कानापर्यंत पोचलो. डोकं खाजवायला अजून बायको लागते." मग सगळे हसायचे आणि पुन्हा आपापल्या दुखण्याकडे वळायचे. त्याला ते आवडायचं. मॅडम वयाने त्याच्या अर्ध्याही नसतील. पहिल्या दिवशी त्यांनी "या काका" म्हटलं तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं होतं, आपल्यामागे कुणी म्हातारा उभा आहे का ते. त्या मनगटावरचा व्रण तेलाने गोल गोल चोळायच्या, एकेक बोट धरून वाकवायच्या, सरळ करायच्या. त्याला हात लावेल असं घरी कुणी नव्हतं. बायको गेल्याला बरीच वर्षं झाली होती. इतकी, की आता तिचा आवाज आठवायचा तर आधी ती काय बोलली होती ते आठवावं लागे. हॉलमध्ये तेलाचा हात मनगटावर फिरू लागला की त्याला झोप यायची, आणि झोप आल्याची लाज वाटायची.

पण त्याला तिथे राहायचं नव्हतं. त्याला भोंग्याकडे जायचं होतं. भोंगा म्हणजे काचेच्या कारखान्यातला त्याचा जोडीदार. पहाटे कुलूप उघडल्यापासून संध्याकाळी हात धुवेपर्यंत तो बोलत असे, म्हणून भोंगा. बातम्या, सासू, गुडघेदुखीवरचे उपाय, समोरच्या इमारतीत कोण राहायला आलं, काहीही. फक्त काच उचलली की त्याचं तोंड बंद व्हायचं. मोठी काच दोघांनी उचलायची असते, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. कडा घासणाऱ्या यंत्राचा आणि त्यावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज एवढा असतो की सगळ्यांच्या कानांत बोळे. ओरडून उपयोग नाही. म्हणून पुढचा माणूस उचलण्याआधी काच केसभर आपल्याकडे ओढतो, आणि मागचा तितकीच परत ओढतो. याला ते हूं देणं म्हणत. गोष्ट ऐकणारं मूल अंधारात हूं देतं, म्हणजे सांगणाऱ्याला कळतं की ते जागं आहे, तसंच. हूं आल्याशिवाय काच उचलायची नाही, वळायचं नाही, टेकवायची नाही. नव्या माणसांना वाटतं काच हातांनी उचलतात. तो आणि भोंगा इतकी वर्षं एकमेकांना काचेतून ऐकत होते. भोंग्याची पाठ धरली आहे, तो घरून भांडून आलाय, आज त्याने जेवणाचा डबा आणलेला नाही, हे सगळं मागच्या टोकाला बोटांत कळायचं. त्यासाठी बोटंसुद्धा लागायची नाहीत. कोपर, खांदा, बरगड्या, काचेला जिथे जिथे अंग टेकलेलं असेल तिथून तो माणूस आत यायचा.

अपघाताच्या दिवशीही हूं आलं होतं. काठाशी केसाएवढी चीर होती, ती दोघांनाही दिसली नाही. वळणावर काच अर्ध्यातून गेली आणि वरचा तुकडा मनगटपट्टीवरून घसरून त्याच्या मनगटात घुसला. दुखलं नव्हतं. गार वाटलं होतं, एवढंच. त्याला आठवतो तो भोंग्याचा चेहरा, उरलेल्या काचेच्या पलीकडे. भोंग्याने आपलं टोक सोडलं नव्हतं. सोडलं असतं तर उरलेली अख्खी काच ह्याच्या अंगावर आली असती. बाकीचे धावत येईपर्यंत भोंगा एकटा ती उभी धरून राहिला, आणि कानांत बोळे असूनही त्याचं ओरडणं ऐकू आलं.

घरी आल्यावर त्याने परीक्षा स्वतःच घेऊन पाहायची ठरवली. खोली एकच, खिडकीशी टेबल, टेबलाशी दोन खुर्च्या. दुसरीवर इस्त्रीचे कपडे असत. त्याने झाडूचा एक हीर तोडला, उजवा हात टेबलावर उताणा ठेवला, डोळे मिटले आणि डाव्या हाताने हीर मधल्या बोटावर टेकवला. कळलं. पण काय कळलं? डाव्या हाताला माहीत होतं की आपण टेकवतोय. त्याने हीर न टेकवता नुसता जवळ नेला, तरी कळल्यासारखं वाटलं. त्याने स्वतःला फसवायचा प्रयत्न केला. दुसरंच काही आठवत बसायचं आणि मध्येच पटकन टेकवायचं. पण मध्येच म्हणजे केव्हा, ते ठरवणारा तोच होता. डोळे मिटून समोरच्या खुर्चीवरच्या कपड्यांकडे तोंड करून बसलेला हा माणूस कुणी पाहिला असता तर काय म्हणाला असता? त्याच्या लक्षात आलं की आपला हात बरा झाला की नाही हे एकट्या माणसाला कळण्याची सोयच नाही. हीर त्याने खिडकीतून टाकून दिला.

संध्याकाळी भोंग्याचा फोन आला. "काय म्हणतात तुझ्या मॅडम? सोडतात की नाही?" "सोमवारी बहुतेक." "बहुतेक कशाला? ये बाबा लवकर. हा नवीन दिलाय ना, तो काच उचलतो की गादी, कळत नाही. हूं नाही, काही नाही. मी ओढतो, पलीकडे मढं. परवा मी मालकांना म्हटलं, ह्यापेक्षा मला भिंतीबरोबर जोडी द्या." तो हसला. भोंगा पुढे बोलतच राहिला आणि तो फोन कानाशी धरून अधूनमधून हूं, हूं म्हणत राहिला. मालकांनी त्याला एकदा सांगितलं होतं, सगळं नीट समजावून, चांगल्या शब्दांत. हात पूर्ण आला तर आपली जागा आपलीच. नाही आला तर पुढच्या खोलीत खुर्ची आहे, फोनवर गिऱ्हाइकांची मापं लिहून घ्यायची. पगारात फरक नाही. त्या खुर्चीवर पूर्वी एक वयस्क गृहस्थ बसत. दिवसभर ते उंची आणि रुंदी एवढंच बोलत. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यासाठी आणलेला हार कुणी घालायचा यावर बराच वेळ गेला, कारण त्यांची कुणाशी ओळख नव्हती.

रविवारी ताई आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, दोन बस बदलून यायची आणि दारातूनच बोलायला सुरुवात करायची. "किती रे वाळलास! आणि हे काय, खुर्चीवर कपडे? माणसांनी बसायचं कुठे?" तिने कपड्यांची घडी पलंगावर नेऊन ठेवली, मटारच्या शेंगांची पिशवी टेबलावर पालथी केली आणि सोलायला बसली. तो समोर बसला. शेंगा सोलण्याला हॉलमध्ये व्यायाम म्हणतात, त्यामुळे त्यानेही चार घेतल्या. शेंग बोटांतून निसटायची, तो बघून पुन्हा धरायचा. ताई सांगत होती. तिच्या सुनेने स्वयंपाकघराला दिलेला रंग, भावजींचा रक्तदाब, आणि भावजी कसे गोळी जिभेखाली ठेवून तिच्याशी भांडतात. "तू तरी काय, लहानपणापासून असाच. पडलास तरी घरी येऊन सांगायचा नाहीस. आईला दुसऱ्या दिवशी चादरीवर रक्त दिसायचं. मग ती मला ओरडायची, तुझं लक्ष कुठे होतं म्हणून." तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. समोरच्या गच्चीवर कुणीतरी एक गालिचा वाळत टाकला होता आणि वाऱ्याने त्याचा एकच कोपरा उचलला जात होता. ताई पुढे झुकली, हे त्याला कळलं. टेबलाची कड त्याच्या छातीला टेकलेली होती, तिच्यातून ते आलं. ताईचं वजन पुढे आलं, मग जरा उजवीकडे कललं, मग स्थिर झालं. आता तिचा आवाज हळू झाला होता. आईबद्दलच काहीतरी. गच्चीवरचा कोपरा उचलला गेला, पडला.

"अरे, आहेस कुठे?" ताई म्हणाली. "मघापासून तुझा हात धरून बसलेय मी."

त्याने खाली पाहिलं. मटारच्या सालींच्या ढिगाशेजारी त्याचा उजवा हात पडलेला होता. ताईने त्याची बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली होती. तिचा अंगठा त्याच्या बोटांवरून मागेपुढे फिरत होता. ते दिसत होतं. आणि आतापर्यंत, ती झुकली कधी, कुणीकडे, किती, हे सगळं सगळं त्याला कळलं होतं. फक्त हात कळला नव्हता. "किती वेळ?" त्याने विचारलं. "काय किती वेळ?" "किती वेळ धरलायस?" "आता हे काय विचारणं झालं?" ताईने हात सोडला. मग तिला वाटलं आपण फार जोरात बोललो, म्हणून पुन्हा धरला. "मला बरं वाटतं रे, तू परत कामावर जातोयस ते. एकटा बसून बसून तू विचित्र झालायस." तो हो म्हणाला. तिला बसपर्यंत सोडायला गेला. बस हलली तेव्हा तिने खिडकीतून हात केला आणि त्याने डावा हात वर केला.

मग सगळं उलगडत गेलं, आणि ते उलगडताना त्याला हॉलमधलं ते टेबल दिसत होतं. हलकं, पत्र्याच्या पायांचं, एक पाय किंचित आखूड. मॅडम धागा टेकवताना हात थरथरू नये म्हणून कोपर टेबलावर टेकवतात. दर वेळी. अंगठ्यासाठी इकडे, करंगळीसाठी तिकडे. त्याचा डावा हात आणि छाती त्याच टेबलाला टेकलेली. मॅडमनी डोळे मिटायला सांगितलं होतं, मध्ये पडदाही धरला होता, सगळं रीतीप्रमाणे केलं होतं. पण टेबलाच्या या टोकाला तो बसला होता, आणि आयुष्यभर त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. पलीकडच्या माणसाने केसभर हालचाल केली की इकडून हूं द्यायचं. "आता," म्हणत त्याने इतके दिवस मॅडमना हूं दिलं होतं. लबाडी करायची असं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला खरंच वाटलं होतं की हे कळणं बोटांतून येतंय.

शुक्रवार उजाडायला अजून मधले दिवस होते आणि त्या दिवसांत तो स्वतःशी फार बोलला. चालताना, भांडी घासताना, न्हाव्याच्या खुर्चीत. काय बिघडलं, तो म्हणायचा. काचही टेबलासारखीच आहे. बोटं नसली म्हणून काय, कोपर आहे, खांदा आहे. भोंगा ओढेल, मला कळेल, मी परत ओढीन. हूं पोचल्याशी मतलब. हे म्हणणं त्याला इतकं पटायचं की पाऊल हलकं व्हायचं. आणि मग नळाखाली धरलेला पेला बोटांतून सरकायला लागायचा. तो सरकतोय हे डोळ्यांना कळेपर्यंत तो मोरीत पडलेला असायचा. स्टीलचा होता, म्हणून नुसता वाजायचा. पलीकडचा माणूस काय करतोय ते खांद्याला कळतं. पण काच आपल्याच बोटांतून निसटतेय हे बोटांनाच कळावं लागतं, आणि वेळेत कळावं लागतं. नाहीतर दुसऱ्या टोकाचा माणूस एकटा पडतो. भोंगा एकटा कसा उभा राहिला होता ते त्याने काचेतून पाहिलं होतं. मग तो पेला उचलायचा, पुसायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, काय बिघडलं. कुणालाही कळणार नाही. शुक्रवारी नेहमीसारखं बसायचं, छाती टेबलाला लावायची, डोळे मिटायचे. सोमवारी सकाळी कुलूप उघडताना भोंगा सासूबद्दल बोलत असेल.

शुक्रवारी हॉल भरलेला होता. "मनगट आज पास होणार," ड्रायव्हर म्हणाला, "पेढे तयार ठेवा," आणि गुडघा हसल्या. मॅडमनी पडदा आणला, दांड्यांची डबी उघडली. "डोळे मिटा, काका." त्याने मिटले. टेबलाची कड छातीला लागली. मॅडमचं कोपर टेकलं, डावीकडे, अलगद. पहिलं बोट, त्याच्या अंगाने सांगितलं. इतकं स्पष्ट, की "आता" हा शब्द जिभेवर आलाच होता. तो त्याने गिळला. "मॅडम," त्याने डोळे उघडले, "मी खुर्ची मागे घेऊ का जरा?" "का? पाठ दुखतेय?" "नाही. हात मांडीवर ठेवतो. उशीवर. तुम्ही उभ्या राहून करा, आणि टेबलाला हात लावू नका. मलाही नको." मॅडमनी उशी आणली, खुर्ची मोकळ्या जागेत ओढायला लावली आणि त्याच्या समोर उभ्या राहिल्या. त्याने पुन्हा डोळे मिटले.

काहीच नव्हतं. आधी त्याला वाटलं, अजून सुरुवात झाली नसेल. पलीकडे चाकाचा दोर कुरकुरत होता, सायकल फिरत होती, कुणीतरी श्वास मोजत होतं. तो वाट पाहत राहिला. एखाद्या मोठ्या रिकाम्या खोलीत मध्यभागी उभं राहून भिंती चाचपाव्यात तसा तो बोटांपर्यंत जाऊन येत होता आणि हाताला भिंत लागत नव्हती. मॅडम समोर आहेत की गेल्या, तेही कळेना. आपण काहीतरी म्हणायला हवं असं त्याला वाटलं, निदान शिष्टाचार म्हणून. "आता," तो म्हणाला. "मधलं बोट," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजाची त्याला कीव आली.

"उघडा डोळे," मॅडम म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात एप्रनच्या खिशात होते. "मघाशी सगळ्या बोटांना लावून झालं होतं. तुम्ही 'आता' म्हणालात तेव्हा तर मी काहीच केलं नव्हतं." "हो," तो म्हणाला. मग त्याने सांगितलं, काचेबद्दल, टेबलाबद्दल, कोपराबद्दल. नीट जमलं नाही, मागचं पुढे आणि पुढचं मागे झालं. मॅडमनी मध्येच टेबलाशी जाऊन त्यावर कोपर टेकवून पाहिलं, उचललं, पुन्हा टेकवलं. "म्हणजे इतके दिवस तुम्ही माझी परीक्षा घेत होतात," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "पण आज तुम्ही बोलला नसतात तर मी लिहून दिलं असतं, काका." "माहीत आहे." "तळव्यात खरंच आलंय बरं का. तिथे मी उशीवरही तपासलं, तुमच्या लक्षात आलं नसेल, पण तुमचा अंगठा हलत होता. तुटलेली शीर पुन्हा वाढतेय. तिच्या चालीने वाढते, आपल्या नाही." मग त्यांनी घरी करायचं काम सांगितलं. कापूस, लोकर, पेन्सिलीचं मागचं टोक. रोज थोडा वेळ. आधी डोळे उघडे ठेवून बघायचं, मग मिटून ओळखायचं. "हे एकट्याने होत नाही. दुसऱ्या कुणीतरी लावायला हवं. घरी कोण आहे?" "आहे," तो म्हणाला. आणि मग, इतक्या खरेपणानंतर एवढंच कशाला उरवायचं असं वाटून, "कुणी नाही. बघतो मी." ड्रायव्हरने जाता जाता विचारलं, "काय मनगट, पास?" त्याने नाही म्हणून मान हलवली. ड्रायव्हरने ओढलेला दोर हळूच सोडून दिला.

तो सरळ कारखान्यात गेला. जेवणाची सुट्टी होती, यंत्रं बंद होती आणि ती बंद असली की तिथे थेंब पडल्याचासुद्धा आवाज येतो. भोंगा काच ठेवायच्या लाकडी घोड्यांच्या मागे, भिंतीला टेकवलेल्या काचांच्या रांगेपाशी डबा उघडून बसला होता. "अरे! सोमवारची सवय करायला आलास काय?" त्याने डब्याचं झाकण पुढे केलं. "घे. बायकोने आज मीठच घातलं नाही. मी काही बोललो नाही, मला अजून जगायचंय." "सोमवारी येत नाही मी," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी?" "कधी ते माहीत नाही. बोटं आलेली नाहीत. आल्यासारखी वाटत होती." भोंगा घास हातात धरून राहिला. मग म्हणाला, "तुझ्या त्या मॅडमना काय कळतंय? मला एक काच उचलून दाखव, मी सांगतो आलीत की नाही." "तुला नाहीच कळणार. मी हूं देईन आणि तुला वाटेल आलीत." भोंग्याने घास परत डब्यात ठेवला आणि डबा मिटला. "म्हणजे पुढच्या खोलीत?" "बहुतेक." "तिथे तो फोन सारखा वाजत असतो," भोंगा म्हणाला. आणि नंतर तो काहीच बोलला नाही. ही शांतता त्याला ओळखीची नव्हती. इतकी वर्षं भोंगा गप्प झाला की दोघांच्या मध्ये काच असायची. आता मध्ये नुसता डबा होता.

"एक काम आहे तुझ्याकडे," तो म्हणाला. "रोज सुट्टीत थोडा वेळ दे. मी डोळे मिटून बसेन. तू बोटांना हात लावायचा. कापसाने, नाहीतर कशानेही. आणि सांगायचं नाही."

"मी?" भोंग्याने आपले दोन्ही हात पुढे करून बघितले. "हे बघ, घासकागद आहेत. तुझ्या ताईला सांग ना."

"ताई लांब आहे."

"मला नाही रे जमणार, न बोलता."

"काच उचलताना जमतं."

भोंग्याने हातमोज्यांतून थोडा कापूस उपटला. आतलं अस्तर फाटलेलंच होतं. तो उकिडवा समोर बसला. ह्याने आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि डोळे मिटले. "हां, लावतो बरं का. आता लावतोय," भोंगा म्हणाला. "सांगायचं नाही म्हटलं ना." "बरं बरं. सवय नाही." मग भोंगा गप्प झाला. कुठेतरी वरच्या टाकीत पाणी भरत होतं. कपड्यांना येतो तो काचेच्या भुकटीचा कोरडा वास आला, म्हणजे भोंगा जवळ सरकला असेल, किंवा नसेल. जमीन सिमेंटची होती आणि जमिनीतून काही येत नव्हतं. पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की इतक्या वर्षांत आपण या माणसाचा हात कधी हातात घेतलेला नाही. हातमोजे असायचे, काच असायची. सकाळी भेटल्यावर हात मिळवावा असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं. तो बोटांपर्यंत गेला, तिथे थांबला, पुन्हा गेला. बराच वेळ झाला असावा.

"लावलंस?" त्याने विचारलं.

"नाही अजून," भोंग्याचा आवाज अगदी जवळून आला, आणि तो भोंग्याचा वाटला नाही. "व्रण बघतोय. हात लावायची हिंमत होत नाही."

"लाव की," तो म्हणाला. डोळे त्याने उघडले नाहीत.